उष्ण प्रदेशांतील बेडकांची वीण व त्यांचे आकारमान

रोहिणी नक्षत्र संपून मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, की त्याच रात्री भाताच्या खाचरांतून, ओढ्याकाठच्या डबक्यांतून आणि गावतळ्यांतून बेडकांचा आवाज सुरू होतो. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहने दिलेली असतात. त्यांत बेडूक आला म्हणजे पाऊस भरपूर, अशी शेतकऱ्यांची जुनी समजूत आहे. ही समजूत कशीही असो, बेडकाचे सारे जीवन पावसाच्या वेळापत्रकाशी बांधलेले असते ही गोष्ट प्राणिशास्त्राने पुरती सिद्ध केली आहे. मात्र सर्व बेडूक या वेळापत्रकाशी एकाच रीतीने बांधलेले नाहीत, आणि हा भेद शेतकऱ्याच्या व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

खाचरात ओरडणारा मोठा पिवळा बेडूक वीतभर लांबीला थोडाच उणा असतो. त्याची मादी एका हंगामात हजारो अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. त्याच खाचरापासून एखाद्या मैलावर, घाटाच्या उतारावरील करवंदीच्या जाळीत, बोटाच्या पेराएवढा एक बेडूक टिक् टिक् असा आवाज करीत बसलेला असतो. त्याची मादी वीस-तीस अंडी घालते, आणि तीही पाण्यात नव्हे, तर ओलसर मातीवर, पानावर किंवा पाचोळ्यात. त्या अंड्यांतून बेडूकमासे बाहेर पडतच नाहीत. चार पायांचे तांदळाएवढे बेडूकच बाहेर येतात. दोघेही बेडूकच, दोघांवर पडणारा पाऊसही एकच. मग एवढा फरक का पडावा, आणि देहाच्या लहान-मोठेपणाचा त्याच्याशी काय संबंध, याचा विचार पुढे केला आहे. हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. एका बेडकाला जे तारते ते दुसऱ्याला तारीत नाही. म्हणून बेडूक राखावयाचे असतील, तर कोणता बेडूक कोठे व कसा वितो हे आधी ठाऊक असले पाहिजे.

पाण्यातील अंड्याचा व्यवहार

बेडकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नसते. मध्ये बलकाचा काळसर गोळा आणि भोवती पारदर्शक चिकट लगदा, एवढीच त्याची रचना. असे अंडे उघड्या हवेत ठेवले तर अल्पावधीत सुकून जाते. म्हणून बेडकांच्या मूळ पूर्वजांनी अंडी पाण्यातच घातली, आणि आजही जगातील बहुसंख्य बेडूक तसेच करतात. मादी अंडी सोडते, तिच्या पाठीवर बसलेला नर ती फलित करतो, काही दिवसांत शेपटीचे बेडूकमासे बाहेर पडतात, आणि पुढे पाय फुटून व शेपटी आटून त्यांचे बेडूक होतात.

पाणी हे अंड्यांचे माहेर खरे, पण तेथे शत्रूही फार. मासे, पाणभुंगे, चतुरांच्या अळ्या, खेकडे, एवढेच नव्हे तर दुसऱ्या जातींचे बेडूकमासे, हे सर्व अंड्यांवर व पिलांवर तुटून पडतात. बारमाही तळ्यात माशांचे भय सर्वांत मोठे. म्हणून आपल्याकडील बहुतेक खाचरी बेडकांनी बारमाही पाणी टाळून, पावसाने नुकतीच भरलेली उथळ डबकी पसंत केली आहेत. अशा डबक्यात मासे नसतात, ऊन लागून पाणी कोमट राहते आणि शेवाळ लवकर वाढते. पण या सोयीची किंमतही मोजावी लागते. पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की डबके आटते, आणि त्यातील सर्व पिढी एकदम नष्ट होते.

मोठ्या पिवळ्या बेडकाने (शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) या व्यवहारात घाईचा मार्ग धरला आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर नराचा रंग हळदीसारखा पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात, आणि शेकडो बेडूक एका रात्रीत एकाच पाणथळीवर जमतात. दोन-चार रात्रींत वीण आटोपते. याचे बेडूकमासे शेवाळावर समाधान मानीत नाहीत. ते मांसाहारी असून डबक्यातील इतर बेडूकमाशांना व प्रसंगी आपल्याच भावंडांना खातात, आणि त्यामुळे झपाट्याने वाढतात. या बेडकाची माणसांमार्फत अंदमान बेटांत आयात झाली, तेव्हा तेथील स्थानिक जातींच्या बेडूकमाशांना हीच खोड जड गेल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. आपल्या खाचरात उपकारक असणारा प्राणी परक्या बेटावर उपद्रवी ठरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हजारो अंड्यांपैकी किती जगतात? ज्या प्रदेशात बेडकांची संख्या वर्षानुवर्षे साधारण स्थिर राहते, तेथे एका जोडप्याच्या आयुष्यभराच्या साऱ्या अंड्यांतून सरासरीने दोनच पिले वयात येतात, असा हिशेब निघतो. बाकीची सर्व निसर्गाच्या खाती जमा होतात. एवढी तूट सोसावयाची, तर मुळात अंडी पुष्कळ हवीत. आणि अंडी पुष्कळ हवीत, तर ती वाहणारी मादी मोठी हवी. बेडकांच्या सुमारे नव्वद टक्के जातींत मादी नरापेक्षा मोठी असते, त्यामागील मुख्य कारणांपैकी हे एक मानले जाते. केरळच्या घाटात २००३ साली शास्त्राला ज्ञात झालेला जांभळा बेडूक याचे टोकाचे उदाहरण होय. वर्षाचा जवळजवळ सारा काळ तो जमिनीखाली वाळवी खात काढतो, पावसाच्या तोंडाशी थोडे दिवस वर येतो, आणि त्याच्या टपोऱ्या मादीपुढे पाठीवरचा नर अगदीच चिमुकला दिसतो. ती ओढ्यात हजारोंनी अंडी सोडून पुन्हा जमिनीत शिरते.

नाचणी आणि नारळ

मादीच्या पोटातील जागा ठरलेली असते. त्या जागेत बारीक अंडी पुष्कळ मावतील, किंवा मोठी अंडी थोडी मावतील; मोठी आणि पुष्कळ, अशी दोन्ही मावणार नाहीत. शेतकऱ्याला हा हिशेब बियाण्यावरून सहज कळेल. नाचणीचे एक कणीस शेकडो दाणे देते, पण प्रत्येक दाण्याजवळ शिदोरी इतकी अल्प की रुजताच त्याने स्वतःचे पोट भरले पाहिजे. नारळाच्या झाडाला फळे थोडी, पण प्रत्येक फळात कोंबासाठी कित्येक महिन्यांचे अन्न आणि पाणी भरून ठेवलेले असते. नाचणीने संख्येवर भिस्त ठेवली, नारळाने शिदोरीवर.

पाण्यात विणारे बेडूक नाचणीच्या पंथाचे आहेत. त्यांच्या अंड्यातील बलक थोडा. बेडूकमासा अर्धवट वाढीतच बाहेर पडतो आणि पुढील अन्न स्वतः मिळवतो. जमिनीवर विणारे बेडूक नारळाच्या पंथाचे. त्यांच्या पिलाला अंड्याच्या आतच शेपटीची अवस्था ओलांडून पाय फुटेपर्यंत वाढावयाचे असते, म्हणून सारे अन्न आईनेच बलकाच्या रूपाने द्यावे लागते. अंड्याचा व्यास दुप्पट झाला, की आतील बलक आठपट होतो. म्हणजे मोठ्या अंड्यासाठी मादीला संख्येत फार मोठी कपात करावी लागते. एकाच रीतीने विणाऱ्या जाती घेतल्या, तर मोठी मादी अधिक अंडी घालते. पण पाण्यात विणारी व जमिनीवर विणारी अशा समान आकाराच्या दोन माद्या घेतल्या, तर जमिनीवर विणारीची अंडी संख्येने थोडी व आकाराने मोठी भरतात. स्टॅनली साल्थे या प्राणिशास्त्रज्ञाने १९६९ साली उभयचर प्राण्यांचा असा हिशेब मांडला, आणि पुढे विल्यम डुएलमन याच्या साहाय्याने तो बेडकांना लागू केला. त्यानंतरच्या काळात शेकडो जातींची मोजमापे झाली, पण या हिशेबाचा मूळ सांगाडा टिकून राहिला आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जमिनीवर अंडी घालणे इतके सुरक्षित असेल, तर सर्व बेडकांनी ते का स्वीकारले नाही? उत्तर हवेतील ओलाव्यात आहे. थंड किंवा कोरड्या प्रदेशात उघड्यावरचे अंडे तग धरू शकत नाही. विषुववृत्ताजवळील पर्जन्यवनांत, आणि पावसाळ्याचे चार महिने आपल्या घाटमाथ्यावर, हवा इतकी दमट असते की पानावरचे अंडेही आठवडेच्या आठवडे ओले राहते. म्हणून पाण्याबाहेर विणण्याचे बहुतेक प्रकार उष्ण प्रदेशांतच आढळतात. जगभरातील बेडकांच्या विणीच्या रीती मोजू गेल्यास चाळिसाच्या घरात भरतात, आणि त्यांतील फार मोठा वाटा उष्ण कटिबंधाचा आहे.

सह्याद्रीतील निरनिराळ्या रीती

हे सर्व प्रकार पाहण्यासाठी दूरदेशी जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील घाटमाथ्यावर पावसाळ्यातील दोन-तीन रात्री विजेरी घेऊन हिंडणाऱ्याला त्यांतील निम्मे तरी पाहावयास मिळतील.

आंबोलीच्या परिसरात, आणि दक्षिणेकडे घाटात सर्वत्र, हिरवागार व पायांच्या बोटांमध्ये तांबडे पडदे असलेला एक मोठा वृक्षबेडूक आढळतो. हे पडदे पसरून तो झाडावरून खाली तरंगत येतो, म्हणून त्यास उडता बेडूक असेही म्हणतात. मादी दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते. डबक्यावर झुकलेल्या फांदीवर बसून ती अंड्यांबरोबर एक चिकट द्रव सोडते आणि पाय मारमारून त्याचा फेस करते. ताक घुसळावे तसा हा प्रकार दिसतो. फेसाचा बाहेरचा थर सुकून पापुद्रा धरतो, आत अंडी ओली राहतात. काही दिवसांनी बेडूकमासे तयार झाले, की पावसाच्या माऱ्याने फेस विरघळतो आणि ते टपटप खालच्या पाण्यात पडतात. अंड्यांचा नाजूक काळ माशांच्या व पाणकिड्यांच्या आवाक्याबाहेर गेला, पण बेडूकमाशांसाठी पाणी मात्र लागतेच. गावातील हौदाच्या भिंतीवर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात पांढरा फेसाचा गोळा दिसला, तर तोही याच कुळातील एका तपकिरी वृक्षबेडकाचा समजावा. पुष्कळ ठिकाणी घाण समजून तो धुऊन टाकला जातो.

महाबळेश्वर-कोयनेच्या ओढ्यांकाठी राहणारा रातबेडूक (निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी) शास्त्रात १९५५ साली नोंदला गेला. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. तो वाहत्या ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी चिकटवतो. याच्या मीलनाची रीत २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अभ्यासकांना नवल वाटले. बेडकांत नर मादीला घट्ट कवटाळून धरतो व अंडी बाहेर पडताना ती फलित करतो, अशीच सर्वसाधारण रीत आहे. येथे मात्र नर मादीच्या पाठीवर सैलसा बसतो, तिच्या पाठीवरच आपले रेत सोडतो आणि निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते, आणि पाठीवरून ओघळलेल्या रेताने ती फलित होतात. साठ वर्षे नाव ठाऊक असलेल्या बेडकाचा संसार कोणी पाहिलाच नव्हता. सातारा जिल्ह्यातील हुंबरळीसारख्या खेड्याच्या परिसरात हे निरीक्षण झाले, यावरून घराशेजारी पाहण्यासारखे किती शिल्लक आहे याची कल्पना येईल.

कोकणातील व घाटावरील जांभ्याच्या सड्यांवर आणखी निराळा प्रकार आहे. आंबोलीचा पिवळसर पट्ट्यांचा लहान भेक, जो २००९ साली स्वतंत्र जाती म्हणून नोंदला गेला, तो कातळावरील बोटभर पाण्याच्या डबक्यांत अंडी घालतो. त्याची अंडी काही डझनच असतात. सर्वसाधारण भेक हजारो अंड्यांच्या लांब माळा सोडतो, त्या मानाने ही संख्या अगदीच अल्प होय. एवढ्या उथळ पाण्यात सारे भांडवल एका जागी गुंतवणे परवडत नसावे. दोन दिवस ऊन पडले की कित्येक डबक्यांतील अंडी कातळालाच चिकटून वाळून जातात. ही जाती आंबोली व आसपासच्या थोड्या भूभागाबाहेर माहीत नाही. म्हणजे तेथील सडा खणला किंवा सपाट केला, तर तिला जाण्यास दुसरी जागा नाही.

आणि शेवटी झुडपी बेडूक, ज्यांचा उल्लेख आरंभी आला. बंगळूर येथील प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ २०१० साली त्यांच्या वंशास राओर्केस्टिस हे नाव देण्यात आले. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या या बेडकांच्या साठांहून अधिक जाती आज ठाऊक आहेत, त्यांतील बहुतेक सह्याद्रीत आहेत, आणि महाराष्ट्रातील एक जाती तर २०१३ साली नोंदली गेली. पाण्याची अट सुटल्याने ते ओढ्यांपासून दूर, डोंगराच्या थेट माथ्यावर राहू शकले. पण दोन डोंगरांमधील कोरडी व उष्ण खिंड त्यांना ओलांडता येत नाही. त्यामुळे एकेका डोंगरावर अडकून पडलेल्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या होत गेल्या आणि त्यांच्या स्वतंत्र जाती बनल्या.

यांतील एका जातीची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तमिळनाडूतील कळक्काड-मुंडन्थुराई येथील जंगलात पांढऱ्या ठिपक्यांचा एक झुडपी बेडूक बोरूसारख्या बांबूच्या पोकळ पेरात वितो. पेराला किड्यांनी किंवा उंदरांनी पाडलेली बारीक फट असावी लागते. तीतून अंग चोरून बेडूक आत जातो. आत पाच ते आठ अंडी घातली जातात, आणि मादी निघून गेल्यावर नर त्यांच्यावर पहारा करतो. अभ्यासकांनी काही पेरांतून नराला दूर करून पाहिले, तेव्हा दुसरे नर आत शिरून अंडी खाऊन गेले. अंडी मोजकी असली, म्हणजे राखणदार का लागतो हे यावरून स्पष्ट होते. ही जाती शंभराहून अधिक वर्षे कोणास दिसली नव्हती. ती पुन्हा सापडल्याचे २०११ साली जाहीर झाले. अवेळी व अतिरेकी बांबूतोड हाच तिला मोठा धोका आहे.

हा जिना सरळ चढत गेला नाही

वरील उदाहरणे क्रमाने वाचली, की वाचकाच्या मनात साहजिकच एक जिना उभा राहतो: प्रथम पाण्यातील अंडी, मग पाण्यावरच्या पानावरील, मग फेसातील, आणि शेवटी पाण्याची अट सुटलेली जमिनीवरची. पाठ्यपुस्तकांतून अनेक वर्षे असेच शिकविले जात होते. पण आनुवंशिक द्रव्याची तुलना करून जातींची वंशावळ मांडता येऊ लागल्यावर हा समज ढिला पडला. जगभरातील शेकडो जातींची वंशावळ तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अंड्यातून थेट बेडूक निघण्याची रीत अनेकदा पाण्यात विणाऱ्या पूर्वजांपासून, मधल्या पायऱ्या न चढताच, निर्माण झालेली आहे. आशियातील वृक्षबेडकांच्या कुळाचा २०१५ साली झालेला अभ्यास म्हणतो, की पाण्याबाहेर साध्या चिकट लगद्यात अंडी घालणाऱ्या पूर्वजांपासून एका बाजूस फेसवाले आणि दुसऱ्या बाजूस थेट विकासाचे झुडपी बेडूक निघाले. म्हणजे फेस ही झुडपी बेडकाकडे जाणारी पायरी नव्हे. ती दुसरीच वाट होय.

उत्क्रांती म्हणजे ठरलेल्या ध्येयाकडे होणारी प्रगती नव्हे, ही गोष्ट शेतकरी मंडळींपुढे बोलताना कार्यकर्त्यांनी जपून मांडावी. पिवळा बेडूक हा मागासलेला आणि झुडपी बेडूक पुढारलेला, असे मुळीच नाही. ज्या ठिकाणी डबकी उबदार, माशांवाचून आणि महिना-दीड महिना टिकणारी आहेत, तेथे हजारो अंड्यांचा जुना व्यवहार आजही फायद्याचा आहे.

लहान देहाची मिळकत आणि किंमत

विणीची रीत बदलली म्हणून देह लहान झाला, की देह लहान होता म्हणून रीत बदलावी लागली? याचे एकच उत्तर देणे धाडसाचे होईल. दोन्ही दिशांनी दाब पडलेला दिसतो. लहान मादीच्या पोटात पाण्यातील प्रचंड तूट भरून निघेल इतकी अंडी मावत नाहीत. तिला थोड्या अंड्यांची नीट तजवीज करणेच भाग आहे. उलट, थोडी अंडी जमिनीवर सुरक्षित वाढू लागली, की मोठ्या देहाची निकड उरत नाही, आणि लहान देहाला पानाखालची फट, सालीतील भेग, बांबूचे पेर अशा जागा मिळतात. शिवाय वाळवी, मुंग्या व पाचोळ्यातील सूक्ष्म किडे हे मोठ्या बेडकाला पोटभर न होणारे अन्न त्याला पुरते.

जगातील अतिलहान बेडूक बहुधा याच वर्गातील आहेत, हा योगायोग नसावा. न्यू गिनीत २०१२ साली नोंदलेला एक बेडूक सरासरी ७.७ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याहून फारसा मोठा नाही. ब्राझीलमधील एका जातीचे नर सरासरी ७ मिलिमीटरांच्या आसपास भरले. दोन्ही पाचोळ्यात राहणारे आणि दोन्ही बेडूकमाशाची अवस्था टाळणाऱ्या वंशांतील. अशा काही माद्यांच्या पोटात एका वेळी दोनच अंडी आढळतात. दुसऱ्या टोकास आफ्रिकेतील कॅमेरून व विषुववृत्तीय गिनी येथील गोलायथ बेडूक आहे. तो तीस सेंटिमीटरांहून लांब आणि तीन किलोहून जड होतो, पण वितो नदीतच. २०१९ साली असे प्रसिद्ध झाले, की हे बेडूक नदीकाठी दगड-वाळू बाजूला सारून अंड्यांसाठी स्वतंत्र डबकी तयार करतात, आणि त्यासाठी दोन किलोपर्यंतचे दगड हलवितात. एवढे दगड हलविण्यासाठीच हा देह मोठा झाला असावा, असा तर्कही अभ्यासकांनी केला आहे. तो सध्या तर्क म्हणूनच घ्यावा.

लहानपणाची किंमतही जबर आहे. देह जितका लहान, तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र अधिक, आणि तितके अंगातील पाणी लवकर उडते. पिवळा बेडूक उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात बांधाखाली खोल दडून राहू शकतो. झुडपी बेडकाचा सारा आधार पाचोळ्याच्या थरावर. ब्राझीलमधील अतिलहान बेडकांच्या कानातील तोल सांभाळणारा अवयव इतका बारीक झाला आहे, की उडी मारल्यावर त्यांना नीट उतरता येत नाही, ते कोलांटी खाऊन पडतात, असे २०२२ साली दाखवून देण्यात आले.

पाण्याची अट सुटण्याचा एक अनपेक्षित परिणाम रोपवाटिकाधारकांनी लक्षात घ्यावा. पोर्तोरिको बेटावरील कोकी नावाचा लहान बेडूक थेट विकासाचा आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो कुंड्यांतील रोपांबरोबर हवाई बेटांवर पोचला. ज्याला डबके लागते असा बेडूक कुंडीतून गेला असता तर बहुधा वाढला नसता. याला ओली मातीच पुरली. आज तेथे त्याचा उपद्रव रोपवाटिकांना सोसावा लागतो.

शेताशी येणारा संबंध

बेडूक खोडकिड्यांचे पतंग, नाकतोडे, अळ्या, तुडतुडे असे बरेच किडे खातात. मोठा बेडूक लहान खेकडे व उंदरांची पिलेही खातो. त्यांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात एके काळी मोठी होती. १९८१ साली ती चार हजार टनांवर गेली होती. शेतांतील बेडूक घटू लागल्याची ओरड झाल्यावर १९८७ साली केंद्र सरकारने निर्यातीवर बंदी घातली. पिवळ्या बेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तरीही पावसाच्या आरंभी गोव्यात व कोकणाच्या काही भागांत खाण्यासाठी तो चोरून पकडला जातो. ही पकड नेमकी विणीच्या रात्रीच होते, कारण एरवी तो इतक्या संख्येने एकत्र सापडत नाही. अंड्यांनी भरलेली एक मादी पोत्यात गेली, म्हणजे हजारो अंडी गेली.

खाचरात विणणाऱ्या बेडकांसाठी पाणी टिकणे महत्त्वाचे. लावणीनंतर पावसाने ओढ दिल्यास किंवा खाचर मुद्दाम आटविल्यास, सखल कोपऱ्यात हात-दीड हात खोलीचा खड्डा ठेवला तर बेडूकमाशांना तेथे आसरा मिळतो. आटत्या पाण्यातील बेडूकमासे घाईने रूपांतर करून बाहेर पडतात खरे, पण ते अंगाने लहान राहतात, आणि लहान पिलू पुढे तग धरण्याची आशा कमी. कीटकनाशकाची फवारणी करावयाची झाली, तर किडीची संख्या मोजून, गरज भरल्यासच करावी, आणि औषध मिसळलेले पाणी डबक्यात ओतू नये. बेडकाची कातडी पाणी शोषून घेते, तसे विषही शोषते. काही तणनाशके पानांवर पसरावीत म्हणून त्यांत साबणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. ती बेडूकमाशांस घातक ठरल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

डास मारण्यासाठी हौदांत व डबक्यांत गप्पी मासे सोडण्याची मोहीम गावोगाव होते. बंदिस्त हौदापुरते ते ठीक. पण पावसाळी डबक्यात ते सोडले, तर ज्या माशांपासून पळण्यासाठी बेडकाने हे डबके निवडले, तोच शत्रू आपण त्याच्या घरात नेऊन सोडतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांची कथा वेगळी. त्यांच्या उतरत्या गुळगुळीत कडांवरून आत गेलेला बेडूक वर येऊ शकत नाही. कडेवरून जाडसर दोर किंवा गोणपाटाची पट्टी पाण्यापर्यंत सोडली, तर त्याला चढता येते. यास खर्च काहीच नाही.

घाटमाथ्यावरील बेडकांना मात्र यांतील एकही उपाय उपयोगी नाही. त्यांना डबके नको, पाचोळा हवा. राब भाजण्यासाठी उतारावरील सारा पालापाचोळा झाडून नेला, किंवा वणव्यात तो जळून गेला, तर मृगात अंडी घालावयास ओलसर जागा उरत नाही. राबाची गरज ज्या शेतकऱ्यांना अद्याप आहे, त्यांनी निदान ओढ्याकाठचा व दाट झाडीखालचा पाचोळा सोडून द्यावा. शेणखत व हिरवळीच्या खताची सोय झाल्यास तीही मागणी कमी होईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात आपल्या गावातील विणीच्या जागांची साधी नोंद ठेवावी. त्यासाठी प्राणी हातात धरण्याची गरज नाही, अंड्यांवरूनच पुष्कळ कळते. पाण्यात काळ्या मण्यांच्या लांब माळा वनस्पतींना गुंडाळलेल्या दिसल्या, तर त्या भेकाच्या. पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ साय पसरावी तशी बारीक अंडी तरंगत असतील, तर ती बहुधा चिमुकल्या तपकिरी बेडकाची, जो खाचरात रात्रभर करकर आवाज करतो. फांदीवर किंवा भिंतीवर पांढरा फेस म्हणजे वृक्षबेडूक. ओढ्यावरील पानाला चिकटलेली, आत हालचाल दिसणारी अंडी रातबेडकाची. आणि पाचोळा हळूच उचलल्यावर साबुदाण्यासारखे, विखुरलेले, पाणीदार दाणे दिसले, तर ते झुडपी बेडकाचे समजून पाचोळा होता तसाच परत झाकावा. तो तीन-चार दिवस उघडा राहिला, तरी आतील पिले सुकून जाण्यास पुरेसे असते.